तंजावर पाहिलें म्हणजे काय पाहिलें ?

अलीकडे मराठींत प्रवासवर्णनांचें पीक अमाप येऊं लागलें आहे, आणि त्यांतहि दक्षिणयात्रेच्या वर्णनांस विशेष भर आला आहे. मदुरा, रामेश्वर, कन्याकुमारी यांच्या माळेंत तंजावर हा एक मणी ठरलेला असतो. अशीं दहाबारा वर्णनें एका बैठकींत वाचण्याचा योग आम्हांस नुकताच आला, आणि तीं संपल्यावर जो प्रश्न मनांत उभा राहिला तोच आम्हीं या लेखाच्या शिरोभागीं घातला आहे. सकाळीं त्रिचनापल्लीहून निघावें, देवळांत शिरावें, नंदीपुढें छायाचित्र काढवून घ्यावें, शिखराकडे मान वर करून "अबब !" म्हणावें, राजवाड्यांतील दरबाराच्या खांबांवरचे रंग पाहावे, एक मान हालविणारी बाहुली विकत घ्यावी आणि तिसऱ्या प्रहरीं कुंभकोणमची वाट धरावी, हा तो क्रम. लेखक बदलतो, क्रम बदलत नाहीं. यासच आमचे लोक "तंजावर केलें" असें म्हणतात. काशी करणाऱ्या आमच्या आज्या निदान गंगेंत बुडी तरी मारीत असत. या नव्या यात्रेकरूंच्या अंगास तंजावरचें पाणी म्हणून लागत नाहीं.

मौजेखातर प्रवास करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. सुटींत चार दिवस घर सोडून हिंडून येणें हें निर्दोष सुख आहे, आणि प्रत्येक प्रवाशानें पुराणवस्तुशास्त्राचें ओझें डोक्यावर घेऊन हिंडावें अशी सक्ति करणाऱ्या पंडितांचा आम्हांसहि कंटाळा आहे. परंतु तंजावर हें मराठी माणसास इतर गांवांसारखें एक गांव नव्हे. इ. स. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी ऊर्फ एकोजी भोसले यानें तें घेतल्यापासून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशें ऐंशी वर्षें, तेथें मराठी बोलणारें राजघराणें नांदत होतें. पुण्यास पेशव्यांची गादी इतकीं वर्षें टिकली नाहीं. अशा राजधानींत जाऊन जो मराठी गृहस्थ बाहुली व छायाचित्र एवढेंच घेऊन परततो, आणि वर त्याचें वर्णन छापून दुसऱ्या दहांना तोच क्रम शिकवितो, त्याच्याशीं आमचें भांडण आहे.

प्रथम सावलीची गोष्ट घेऊं. बृहदीश्वराच्या विमानाची सावली जमिनीवर पडत नाहीं, ही कथा आम्हीं वाचलेल्या बहुतेक वर्णनांत आली आहे. एका लेखकानें तर "आधुनिक विज्ञानासहि न उकललेलें कोडें" असें तिला बिरुद लाविलें आहे. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही त्या प्रांगणांत होतों. सकाळचे साडेनऊ झाले असतील. एक मराठी मंडळींचा घोळका त्यांच्या वाटाड्याभोंवतीं उभा होता आणि तो वाटाड्या मोठ्या आवाजांत हेंच सांगत होता. फरशी तापूं लागली होती, म्हणून ती सर्व मंडळी सावलीचा आश्रय करून उभी होती. आणि ती सावली, वाचकहो, त्या विमानाचीच होती! दोनशें फुटांच्या घरांत उंची असलेला दगडी डोंगर. त्याची सावली पडूं नये असें सूर्यानें काय ठरविलें आहे? पण माना डोलत होत्या. पायाखालीं पाहण्याचें कोणास सुचलें नाहीं.

या भाबडेपणास आम्ही हंसून सोडून दिलें असतें. पण ही थाप खऱ्या नवलाची जागा अडवून बसते, हा तिचा मोठा अपराध होय. ज्या दगडांच्या सावलीबद्दल एवढा खल चालतो त्या दगडांवर काय लिहिलें आहे तें कोणी विचारीत नाहीं. राजराज चोळानें इ. स. १०१० च्या सुमारास हें देऊळ पुरें केलें, आणि त्याचा जमाखर्च भिंतींवर खोदून ठेविला. देवास कोणी कोणता दागिना दिला, त्यांत मोत्यें किती, सोन्याचें वजन किती. दिव्यांच्या तुपासाठीं कोणा गवळ्याकडे किती जनावरें लाविलीं. कोठल्या गांवाचें भात किती यावयाचें, हें सर्व तेथें आहे. निरनिराळ्या देवळांतून आणून येथें वसविलेल्या चारशें नर्तिकांचीं नांवें तेथें एकेक करून दिलीं आहेत. ती मूळची कोणत्या देवळांतली, कोणत्या आळींत कितव्या घरांत राहावयाची, हेंहि लिहिलें आहे, आणि प्रत्येकीस वर्षास शंभर कलम भात ठरवून दिलें आहे. पदें गाणारे, वाजंत्री, शिंपी, न्हावी, हिशेबनीस, कोणी सुटलेलें नाहीं. हुल्ट्श या जर्मन पंडितानें गेल्याच्या गेल्या शतकाच्या अखेरीस हे लेख वाचून छापण्यास आरंभ केला, तेव्हां तें आतां गुपितहि राहिलेलें नाहीं. हजार वर्षांपूर्वींच्या राजधानींतील चारशें बायकांचा पत्ता दारावरच्या पाटीसारखा भिंतीवर लिहिलेला मिळावा, असें जगांत किती ठिकाणीं आहे ? आणि आमचा वाटाड्या सांगतो, सावली पडत नाहीं.

हे लेख तामीळ आहेत, आम्हांस ते कसे वाचतां यावे, असें कोणी म्हणेल. ठीक. मग त्याच देवळाच्या प्राकाराच्या भिंतीवर जो मराठी लेख आहे त्याचें काय ? १८०३ सालच्या डिसेंबरांत दुसऱ्या सरफोजीच्या आज्ञेनें खोदविलेला हा भोसलेवंशाचा इतिहास देवनागरी अक्षरांत आहे. त्याचा विस्तार इतका मोठा आहे कीं त्यास शिलालेख म्हणण्यापेक्षां दगडावरची बखर म्हणणेंच शोभेल. आरंभीं पुराणांतल्याप्रमाणें वंशावळ आहे, मग मालोजी, शहाजी, शिवाजी, एकोजी असा क्रम लागतो. सनांचे व नात्यांचे त्यांत घोटाळे आहेत. त्याचा प्रत्येक शब्द इतिहास म्हणून घेतां येत नाहीं. परंतु कावेरीच्या कांठीं, तामीळ लेखांच्या शेजारीं, आपल्या घरची भाषा भिंतभर पसरलेली पाहून ज्याचे पाय थबकत नाहींत, तो मराठी वाचतो तरी कशासाठीं ? आम्हीं वर ज्या वर्णनांचा उल्लेख केला त्यांपैकीं फक्त दोहोंत या लेखाचा उच्चार आहे, आणि त्यांतील एकांत तो "मोडी" असल्याचें सांगितलें आहे. लेखकानें तो पाहिलाच नाहीं हें निराळें सांगावयास नको.

येथें एका दुसऱ्या वर्गाच्या लोकांशींहि दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. हे सावलीची गोष्ट सांगत नाहींत. हे अभिमानाची सांगतात. "येथपर्यंत आमचें राज्य होतें" या एका वाक्यांत त्यांचें तंजावर आटोपतें. बरें, हें राज्य कोणाचें ? एकोजी तेथें गेला तो विजापूरच्या आदिलशहाचा सरदार म्हणून. मदुरेच्या नायकानें गिळलेलें तंजावर तेथील नायक घराण्यास परत मिळवून द्यावें हें त्याचें काम होतें, आणि त्यानें तें काम करतां करतां राज्य आपणच ठेवून घेतलें. १६७७ मध्यें शिवाजीमहाराज कर्नाटकांत उतरले तेव्हां कोळ्ळडम नदीच्या परिसरांत या सावत्र भावांची भेट झाली. थोरल्यानें वडिलार्जित जहागिरीचा वाटा मागितला, आणि धाकटा एका रात्रीं न सांगतां निघून गेला. हा इतिहास शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक असावयास पाहिजे. पण तंजावरास पोहोंचतांच तो विसरला जातो आणि स्वराज्याचा झेंडा कावेरीवर फडकूं लागतो. याच्या उलट टोंकास कांहीं कलारसिक आहेत. त्यांस चोळांवांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं, आणि नायकांनीं व मराठ्यांनीं केलेली प्रत्येक भर त्यांस ठिगळासारखी वाटते. वास्तविक त्या प्रांगणांत देवीचें देऊळ पांड्यांच्या काळचें आहे, नंदी व सुब्रह्मण्याचें नाजूक देऊळ नायकांच्या काळचें आहे, गणपतीच्या देवळास सरफोजीचा हात लागलेला आहे. गर्भगृहाभोंवतींच्या बोळांत तर नायककालीन चित्रांच्या थराखालीं चोळांचीं चित्रें लपलेलीं होतीं. तीं १९३१ मध्यें गोविंदस्वामी नांवाच्या अध्यापकानें शोधून काढलीं. म्हणजे एका भिंतीवर दोन राजवटी एकमेकींवर बसल्या आहेत. यांतील कोणाचीहि एकाची मालकी सिद्ध करावयाची म्हणजे दुसऱ्याचा थर खरवडून काढणेंच आलें. १९८७ सालीं जागतिक वारशाच्या यादींत या देवळाचें नांव गेलें, आणि २००४ त गंगैकोंडचोळपुरम व दारासुरम हीं त्यास जोडण्यांत आलीं. त्या यादीचा एक परिणाम असा झाला आहे कीं, यादींत आहे तेवढेंच पाहावयाचें, हा समज दृढ झाला. राजवाडा यादींत नाहीं. म्हणून तो उरल्या वेळांत.

सांबाराविषयीं लिहिण्याचें खरें म्हणजे आमच्या मनांत नव्हतें. पण मराठ्यांनीं तंजावरास काय दिलें या प्रश्नास आज शंभरांपैकीं नव्वद लोक "सांबार" असें उत्तर देतात, तेव्हां इलाज नाहीं. संभाजीराजे तंजावरास पाहुणे आले, शहाजीराजांच्या मुदपाकखान्यांत आमसुलें संपलीं, चिंच घातली आणि पाहुण्याच्या नांवानें पदार्थ प्रसिद्ध झाला, अशी कथा आहे. तिचा समकालीन कागद आजवर कोणी पुढें आणलेला नाहीं. ज्या शहाजीराजांच्या माथीं ही आमटी मारण्यांत येते ते १६८४ पासून १७१२ पर्यंत गादीवर होते, आणि त्यांच्या नांवावर मराठी, तेलुगु व संस्कृत नाटकें आहेत. एकांत तर पांच भाषांतील पात्रें एकत्र आणलीं आहेत. त्यांचें "लक्ष्मीनारायणकल्याण" हें मराठी नाटक सांगलीच्या १८४३ च्या "सीतास्वयंवरा"पूर्वीं जवळजवळ दीडशें वर्षांचें आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांत मराठी रंगभूमीचा जन्म अजूनहि सांगलीसच होतो. तंजावरचीं नाटकें दरबारी होतीं, त्यांचा पुढील परंपरेशीं धागा जुळत नाहीं, असा एक आक्षेप आहे. तो मान्य करूनहि त्यांचा उल्लेख तळटीपेंत कां जावा हें आम्हांस कळत नाहीं. नाटककार राजा विसरला, आचारी राजा लक्षांत राहिला !

आतां राजवाड्याकडे वळूं. येथें प्रवाशास दाखवितात ते दरबाराचे रंगीत खांब, काशाच्या सुंदर मूर्ति आणि फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकारानें घडविलेला सरफोजीचा संगमरवरी पुतळा. सर्व पाहण्याजोगें आहे यांत संशय नाहीं. परंतु हा वाडा असा ओसाड कां दिसतो, तें सांगणारी पाटी आम्हांस कोठें आढळली नाहीं. १८५५ मध्यें शेवटचा राजा शिवाजी निपुत्रिक वारला. कंपनी सरकारनें राज्य खालसा केलें, आणि राज्याबरोबर राजाची खासगी मिळकतहि मोहोरबंद करून ताब्यांत घेतली. राणी कामाक्षीबाई स्वस्थ बसली नाहीं. तिनें मद्रासच्या न्यायालयांत दावा लाविला व तेथें यश मिळविलें. पण प्रकरण विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपुढें गेलें, आणि १८५९ मध्यें निकाल फिरला. ही जप्ति म्हणजे सार्वभौम सत्तेचें कृत्य आहे, तें न्याय्य कीं अन्याय्य हें पाहण्याचा अधिकार न्यायालयास नाहीं, असा तो निकाल. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास हा खटला आजहि वाचावा लागतो. खटल्यांतील मिळकत म्हणजे हाच वाडा व त्यांतील चीजवस्तु. जेथें उभे राहून आपले लोक खांबांचे रंग वाखाणतात, त्याच ठिकाणीं एक विधवा साम्राज्याशीं कायद्यानें लढली. हें त्यांस सांगणारें कोणी नाहीं, आणि विचारणारेंहि नाहीं.

याच वाड्याच्या आवारांत सरस्वतीमहाल आहे. ग्रंथालयाचें बीज नायकांच्या काळचें. पण त्यास आजचें रूप आलें तें सरफोजीमुळें. हा पुरुष मोठा चमत्कारिक होता. श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखालीं तो वाढला. १७९८ मध्यें गादीवर बसला आणि पुढच्याच वर्षीं तहानें राज्यकारभार कंपनीच्या हवालीं करून मोकळा झाला. किल्ला व मानमरातब एवढेंच हातीं उरलें. त्यास स्वातंत्र्यवीर बनविण्याचा कोणी यत्न करील तर तो हास्यास्पद होईल. नेपोलियनवर इंग्रजांनीं मिळविलेल्या जयाप्रीत्यर्थ समुद्रकांठीं मनोरा बांधणारा राजा तो हाच. परंतु राज्य गेल्यावर उरलेला पैसा व उरलेलें आयुष्य यांचें त्यानें जें केलें तें त्या काळच्या कोणत्या संस्थानिकानें केलें ? १८०५ च्या सुमारास, म्हणजे मुंबईंत गणपत कृष्णाजींचा छापखाना निघण्याच्या पाव शतक आधीं, त्यानें तंजावरांत देवनागरी छापखाना घातला आणि इसापच्या गोष्टी मराठींत छापविल्या. नेत्ररोग्यांवर उपचार करवून रोग्यांच्या डोळ्यांचीं रंगीत चित्रें व औषधांचीं टिपणें ठेवविलीं. काशीयात्रेस गेला तो घाटांचीं चित्रें काढवून घेऊन आला. "देवेंद्र कुरवंजी" नांवाच्या त्याच्या मराठी नाट्यकृतींत तर कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई, इंद्राणीस पृथ्वीचा भूगोल शिकविते, आणि त्यांत सूर्य मध्यें व पृथ्वी फिरती आहे ! लोकनाट्याच्या ओळखीच्या सांच्यांत नवें ज्योतिष ओतून तें मराठींत सांगण्याची ही युक्ति आमच्या शिक्षणखात्यांस दोनशें वर्षांनींहि सुचलेली नाहीं.

तेथें मराठी हस्तलिखितेंच तीन हजारांच्या घरांत आहेत. शिवाय मोडी कागदांचे शेंकडों रुमाल : हुकूम, हिशेब, मुदपाकखान्याचे खर्च, औषधशाळेचीं टिपणें, नाटकशाळेंतील माणसांचे पगार. ज्यास तंजावरचा राजवाडा जिवंत पाहावयाचा असेल त्यास तो येथें दिसेल, खांबांत नव्हे. आणि हे कागद वाचीत कोण आहे ? १९८१ मध्यें स्थापन झालेल्या तंजावरच्या तामीळ विद्यापीठानें या मोडी कागदांपैकीं कांहींचें तामीळ भाषांतर करवून छापलें. हें आम्ही कृतज्ञतापूर्वक लिहितों. परंतु तें लिहितांना शरम वाटल्यावांचून राहत नाहीं. मोडी ही आमची लिपि, भाषा आमची, आणि ती वाचून सांगण्याचे कष्ट तामीळ पंडितांनीं घ्यावे ! मराठी अभ्यासकांपैकीं कोणीच तिकडे फिरकले नाहींत असें नव्हे. पण ते एकेकटे गेले, आपल्या खर्चानें गेले, आणि त्यांच्या मागें विद्यापीठांनीं कोणी पाठविला नाहीं. आमच्या विद्यापीठांतून मराठी विभागांच्या सहली निघतात. त्यांचे कार्यक्रम पाहावे. तंजावर असलेंच तर तें सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आक्षेप घेणाऱ्यांस आम्ही मूर्ख समजत नाहीं. सामान्य प्रवाशानें काय रुमाल सोडून बसावें ? वर्षभर राबलेल्या कारकुनास व शिक्षकास पांच दिवस मिळतात. त्यांत पोरेंबाळें, वृद्ध आईबाप, उन्ह, अन्नपाण्याची पंचाईत. त्याच्याकडून शिलालेखांचा अभ्यास मागणें म्हणजे निष्ठुरपणा नव्हे काय? आमचें उत्तर असें कीं, त्याच्याकडून आम्ही कांहींच मागत नाहीं. तो बिचारा जें दाखवावें तें पाहतो. उलट त्याच्या जिज्ञासेचा आम्हांस पूर्ण भरंवसा आहे. त्याच घोळक्यांतील एक म्हातारे गृहस्थ थोड्या वेळानें भिंतीजवळ एकटेच उभे होते आणि बोट फिरवीत "भोसले... भोसले..." असें हळूहळू लावीत होते. खालून घरच्या माणसांनीं हांक मारली, गाडी सुटत होती, आणि ते गेले. त्यांस आणखी अर्धा तास मिळूं नये यांत त्यांचा दोष काय ? दोष आहे तो क्रम आंखणाऱ्या यात्रावाल्यांचा, आणि त्यांहून अधिक त्या क्रमास वाङ्मयाची प्रतिष्ठा देणाऱ्या लेखकांचा. जो सुशिक्षित आहे, ज्याच्या हातांत लेखणी आहे, जो घरीं परत येऊन "तंजावर दर्शन" असें मथळ्यावर छापतो, त्यानें सावली व सांबार यांपलीकडे जाऊं नये ही गोष्ट अक्षम्य होय.

आणखी एक बाब, जी राहून गेली तर लेख अपुरा राहील. तंजावरांत मराठी केवळ भिंतीवर नाहीं. एकोजीच्या मागोमाग गेलेल्या घराण्यांचे वंशज अद्याप घरांत मराठी बोलतात. ज्या राजा सर टी. माधवराव यांनीं त्रावणकोर, इंदूर व बडोदें या तीन संस्थानांची दिवाणगिरी केली ते याच समाजांतले. मराठी कीर्तनानें तामीळ हरिकथेस वळण दिलें. तेथील भागवतर आजहि साकी, दिंडी, ओंवी, अभंग हीं नांवें घेऊन गातात. या लोकांची मराठी आमच्यापेक्षां निराळी आहे, तिच्यांत तामीळ शब्द आहेत, आणि तिचे कांहीं प्रयोग आम्हीं टाकून दिलेले पण त्यांनीं जपलेले आहेत. आमचे प्रवासी ती ऐकून हंसतात. एका प्रवासवर्णनांत तर तिची नक्कल विनोद म्हणून छापली आहे. तीनशें चाळीस वर्षें दूर राहून ज्यांनीं भाषा टाकली नाहीं त्यांस, दोन पिढ्यांत मुलांच्या तोंडून मराठी जाऊं देणाऱ्यांनीं हंसावें, हा विनोद आम्हांस कळला नाहीं.

करावयाचें काय, असें कोणी विचारील तर मागणें फार मोठें नाहीं. भोसलेवंशाच्या त्या लेखाची संहिता छापलेली आहे. तींतील निवडक भाग, चार पानांचें टिपण जोडून, स्वस्त पुस्तिकेच्या रूपानें काढावा, आणि यात्रावाल्यांनीं ती तिकिटाबरोबर द्यावी. भिंतीपुढें अर्धा तास ठेवावा; बाहुल्यांच्या दुकानांतून तो काढतां येईल. विद्यापीठांनीं दरवर्षीं मोडी शिकलेले दोन विद्यार्थी तीन महिन्यांकरितां तंजावरास पाठवावे, आणि त्यांनीं वाचलेले कागद मराठींत छापावे. एका साहित्यसंमेलनाच्या मंडपाला जो खर्च येतो त्यांत असे किती विद्यार्थी किती वर्षें राहतील याचा हिशेब आमच्या संमेलनांच्या चालकांनींच करून पाहावा. सरस्वतीमहाल १९१८ पासून सर्वांस खुला आहे.